ज्याँ-मार्तँ शार्को

ज्याँ-मार्तँ शार्को (जन्म: २९ नोव्हेंबर १८२५, पॅरिस, मृत्यू: १६ ऑगस्ट १८९३, मोर्व्हाँ, फ्रान्स) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ आणि आधुनिक मज्जाविकारशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक होते. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ काम केले. मल्टिपल स्क्लेरोसिस, अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, पाठीच्या कण्यातील विकारामुळे होणारी सांध्यांची झीज अशा अनेक रोगांचे आजही ग्राह्य असलेले वर्णन त्यांनी केले. शरीरात कोणतीही इजा सापडत नसताना येणारा लुळेपणा, झटके, बधिरता, दृष्टी किंवा वाचा जाणे या लक्षणांना त्या काळी हिस्टेरिया म्हटले जाई. या लक्षणांचे वर्गीकरण करून त्यांना खऱ्या आजाराचा दर्जा मिळवून देण्याचा त्यांचा प्रयत्न वैद्यकाच्या इतिहासात अतिशय गाजला, तितकाच वादग्रस्तही ठरला. इंद्रियजन्य रोगांवरील त्यांच्या कामावर काळाने शिक्कामोर्तब केले. हिस्टेरियावरील कामाचा बराच भाग मात्र त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आत त्यांच्याच शिष्यांनी बाजूला सारला.

प्रारंभिक जीवन

शार्को यांचे वडील पॅरिसमध्ये घोडागाड्या बांधण्याचा व्यवसाय करीत. घरची स्थिती बेताची होती. भावंडांपैकी एकालाच उच्च शिक्षण देणे वडिलांना शक्य होते आणि अभ्यासू स्वभावामुळे ज्याँ-मार्तँ यांची निवड झाली, अशी आख्यायिका चरित्रकार सांगतात. लहानपणापासून ते अबोल होते व त्यांना चित्रकलेचे विलक्षण वेड होते. ही चित्रकाराची नजर पुढे त्यांच्या वैद्यकीय पद्धतीचा पायाच बनली. रुग्णाला विवस्त्र करून समोर बसवावे, बराच वेळ काहीही न बोलता त्याच्याकडे पाहत राहावे, मग दुसऱ्या रुग्णाला आणवून दोघांची तुलना करावी, ही त्यांची सवय शिष्यांच्या आठवणींत वारंवार येते.

पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत शिक्षण घेत असताना १८४८ साली ते निवासी वैद्य म्हणून निवडले गेले. १८५३ साली त्यांनी गाऊट आणि दीर्घकालीन संधिवात यांतील भेद दाखवणारा प्रबंध सादर करून पदवी मिळवली. एकसारख्या दिसणाऱ्या दोन आजारांना वेगळे काढणे हा या प्रबंधाचा गाभा होता आणि आयुष्यभर ते हेच काम करीत राहिले.

साल्पेत्रिएर

साल्पेत्रिएर ही वास्तू मुळात बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याचे कोठार होती. नावही त्यावरूनच पडले. १६५६ साली चौदाव्या लुईच्या आदेशाने तेथे निराधार स्त्रियांसाठी आश्रम सुरू झाला. शार्को १८६२ साली प्रमुख वैद्य म्हणून रुजू झाले, तेव्हा तेथे वृद्ध, अपंग, वेड्या ठरवलेल्या, अपस्माराच्या आणि केवळ गरीब अशा सुमारे ५,००० स्त्रिया राहत होत्या. महत्त्वाकांक्षी डॉक्टर अशा जागी फार काळ टिकत नसत. शार्को यांनी मात्र हेच ठिकाण निवडले. त्यांचे सहकारी आल्फ्रेद व्हुल्पियाँ यांच्याबरोबर त्यांनी खोलीमागून खोली पालथी घालत प्रत्येक रहिवासी स्त्रीच्या लक्षणांची नोंद केली. या स्त्रिया वर्षानुवर्षे, बहुधा मरेपर्यंत, तेथेच राहत असल्याने जिवंतपणी नोंदलेली लक्षणे मृत्यूनंतर मेंदू व मेरुरज्जूच्या तपासणीत सापडलेल्या इजेशी ताडून पाहता येत. इतरत्र कोठेही हे इतक्या मोठ्या प्रमाणावर शक्य नव्हते.

या पद्धतीचे फळ लवकरच मिळाले. १८६८ साली त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसचे सविस्तर वर्णन केले. हेतुपुरस्सर हालचाल करताना येणारा कंप, डोळ्यांच्या बुबुळांची थरथर आणि तुटक बोलणे ही त्यांची त्रयी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी पाठ केली. याच कंपाची तुलना त्यांनी हात स्वस्थ असताना येणाऱ्या कंपाशी केली, कंपवातापासून हा आजार वेगळा काढला आणि कंपवाताला जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याचे नाव देण्याचा आग्रह धरला. १८६९ पासून अलेक्सी जोफ्रुआ यांच्यासह केलेल्या अभ्यासातून अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस हा रोग निश्चित झाला. फ्रान्समध्ये तो अजूनही शार्कोचा रोग म्हणूनच ओळखला जातो. १८८६ साली पिएर मारी यांच्यासह त्यांनी वर्णिलेला पायांच्या स्नायूंचा आनुवंशिक विकार, त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच वर्णन करणाऱ्या इंग्रज वैद्याचे नाव जोडून, शार्को-मारी-टूथ रोग म्हणून प्रसिद्ध आहे.

१८७२ साली ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८२ साली लेऑँ गाँबेत्ता यांच्या पाठिंब्याने त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या रोगांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले. या विषयाचे ते जगातील पहिले अध्यासन मानले जाते. पुढच्या वर्षी ते फ्रेंच विज्ञान अकादमीवर निवडून गेले.

हिस्टेरियाकडे वळण

हिस्टेरियाशी शार्को यांचा संबंध एका प्रशासकीय निर्णयातून आला, ही बाब अनेकदा विसरली जाते. १८७० च्या सुमारास साल्पेत्रिएरमधील एक जीर्ण इमारत रिकामी करावी लागली. तेथे वेड्या स्त्रियांबरोबरच अपस्माराच्या आणि हिस्टेरियाच्या रुग्णाही ठेवलेल्या होत्या. वेड नसलेल्या रुग्णांना वेगळे काढून त्यांचा विभाग शार्को यांच्याकडे सोपवण्यात आला. अशा रीतीने अपस्माराचे खरे झटके आणि त्यांच्यासारखेच दिसणारे हिस्टेरियाचे झटके एकाच छताखाली, एकाच वैद्यासमोर आले. हिस्टेरियाच्या रुग्णांचे झटके पुढे अपस्मारासारखेच भासू लागले, त्याला हे सान्निध्यही कारणीभूत असावे, असे नंतरच्या टीकाकारांनी दाखवून दिले.

त्या काळी हिस्टेरिया हा शब्द बदनाम होता. ग्रीक भाषेतील गर्भाशयवाचक शब्दापासून तो आला आणि शरीरात भटकणाऱ्या गर्भाशयाची प्राचीन कल्पना त्याला चिकटलेली होती. बहुसंख्य डॉक्टरांच्या मते हिस्टेरियाची रुग्ण एक तर ढोंगी असे किंवा कामवासनेने पछाडलेली. या समजाला पहिला ठोस धक्का पॉल ब्रिके यांनी दिला होता. पॅरिसच्या एका रुग्णालयात दहा वर्षे ४३० रुग्णांची पाहणी करून त्यांनी १८५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. जोगिणींमध्ये हा आजार क्वचित आढळतो आणि वेश्यांमध्ये फार, तेव्हा वासनेच्या उपासमारीचा सिद्धांत टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुःख, भीती, मारहाण, दारिद्र्य यांना त्यांनी कारणांत अग्रस्थान दिले. शार्को यांनी ब्रिके यांचे ऋण मान्य केले, मात्र त्यांना आकडेवारीपेक्षा नियम हवा होता. मल्टिपल स्क्लेरोसिसला जशी त्रयी सापडली तशी हिस्टेरियालाही सापडेल, अशी त्यांची खात्री होती.

वर्गीकरण

शार्को यांनी हिस्टेरियाच्या लक्षणांचे दोन गट केले. पहिला गट कायमस्वरूपी खुणांचा: शरीराच्या अर्ध्या भागाची बधिरता, दृष्टिक्षेत्राचे आकुंचन, घशात गोळा अडकल्याची जाणीव, अंडाशयाच्या जागी दाबल्यास होणारी वेदना. दुसरा गट झटक्यांचा. पूर्ण विकसित झटक्याच्या त्यांनी चार अवस्था सांगितल्या. आरंभी अपस्मारासारखी ताठरता व आचके. त्यानंतर मोठ्या कसरतवजा हालचाली, ज्यांत टाचा व डोके टेकवून शरीराची कमान करण्याचा प्रसिद्ध पवित्रा येई. मग भय, आनंद, प्रार्थना, प्रणय अशा भावनांचे मूकाभिनय. आणि अखेरीस बडबड व भ्रम. त्यांचे चित्रकार शिष्य पॉल रिशे यांनी १८८१ साली या अवस्थांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. देझिरे-माग्लुआर बूर्नव्हिल आणि पॉल रेन्यार यांनी १८७६ ते १८८० या काळात रुग्णांच्या छायाचित्रांचे खंड काढले. पुढे आल्बेर लाँद यांनी रुग्णालयातच सुसज्ज छायाचित्रणशाळा उभारली.

या आराखड्याचा रुग्णांना झालेला लाभ खरा होता. जे डॉक्टर आधी हसून निघून जात ते आता तपासू लागले. वेडाचा शिक्का न बसता उपचार घेण्याची सोय झाली. ढोंग ओळखण्यासाठी शार्को यांनी प्रयोगही योजले. हात आडवा धरून ठेवलेल्या रुग्णाच्या श्वासाचा व स्नायूंच्या कंपाचा आलेख ते काढीत आणि तीच अवस्था मुद्दाम वठवणाऱ्या धडधाकट माणसाच्या आलेखाशी ताडत. दुसऱ्या माणसाचा श्वास थोड्याच वेळात अनियमित होई, रुग्णाचा होत नसे.

त्याची दुसरी बाजूही होती. चार अवस्था ओळीने दाखवणारे रुग्ण साल्पेत्रिएरमध्ये जितके सापडले तितके बाहेर कोठेच सापडले नाहीत. आराखड्यात न बसणाऱ्या रुग्णांना अपूर्ण प्रकार मानले जाई. त्यामुळे सिद्धांत खोटा ठरण्याची वाटच उरत नसे, आणि इंद्रियजन्य रोगांच्या बाबतीत इतक्या कठोर असणाऱ्या शार्को यांनी हे चालू दिले, हा त्यांच्या कामातील सर्वांत मोठा दोष होय.

विकृती कोठे, या प्रश्नालाही त्यांना उत्तर द्यावे लागले. हिस्टेरियाच्या रुग्णाच्या शवविच्छेदनात काहीच सापडत नसे. तेव्हा मज्जासंस्थेत इजा आहे, पण ती रचनेची नसून कार्याची आहे, सूक्ष्मदर्शकाला न दिसणारी व पुसली जाऊ शकणारी आहे, असे त्यांनी मांडले. मूळ कारण म्हणून ते आनुवंशिकतेकडे बोट दाखवीत. अपघात, भीती, विषबाधा ही केवळ निमित्ते मानीत. घराण्याच्या ऱ्हासाची ही कल्पना त्या काळच्या फ्रान्समध्ये सर्वमान्य होती आणि तिने अनेक रुग्णांच्या कुटुंबांवर अकारण कलंक लावला.

संमोहन

१८७६ साली सोसायटी ऑफ बायॉलॉजीने व्हिक्तॉर ब्युर्क यांच्या धातूपचाराची तपासणी करण्यासाठी समिती नेमली. शार्को तिचे सदस्य होते. बधिर अंगावर धातूची चकती ठेवल्यास संवेदना परत येते आणि दुसऱ्या बाजूची तितकीच जाते, असे समितीला आढळले व तिने अनुकूल अहवाल दिला. हा परिणाम धातूचा नसून रुग्णाच्या अपेक्षेचा आहे, ही शंका तेव्हाच घ्यायला हवी होती. १८७८ पासून शार्को संमोहनाकडे वळले. मेस्मरच्या काळापासून विद्वत्सभांनी हा विषय त्याज्य ठरवला होता. १३ फेब्रुवारी १८८२ रोजी शार्को यांनी विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचून संमोहनाच्या तीन अवस्था मांडल्या: गुंगी, ताठर निश्चलता आणि निद्राभ्रमण. प्रत्येक अवस्थेची शारीरिक चिन्हे त्यांनी सांगितल्यामुळे अकादमीने त्याज्य विषय पुन्हा स्वीकारला. संमोहित होण्याची क्षमता हेच हिस्टेरियाचे लक्षण आहे, असे त्यांचे मत होते.

नाँसी येथील इपोलित बेर्नहाइम यांनी १८८४ पासून याच मतावर हल्ला चढवला. निरोगी माणसेही सहज संमोहित होतात, त्यांत दिसते ते केवळ सूचनेचे सामर्थ्य असते आणि साल्पेत्रिएरच्या तीन अवस्था रुग्णांना नकळत शिकवल्या गेल्या आहेत, असा त्यांचा आरोप होता. बेल्जियमचे जोझेफ देल्बफ यांनी पॅरिसला प्रत्यक्ष भेट देऊन हाच निष्कर्ष काढला. या वादात नाँसीचा पक्ष विजयी झाला. रुग्णांना संमोहित करण्याचे काम शार्को स्वतः क्वचितच करीत. बहुतेक वेळा साहाय्यक त्यांना तयार करून आणीत. आपल्यापुढे येण्याआधी विभागात काय चालते, याची त्यांनी पुरेशी चौकशी केली नाही.

व्याख्याने आणि रुग्ण स्त्रिया

शुक्रवारची व्याख्याने काळजीपूर्वक लिहून काढलेली असत. मंगळवारी मात्र बाह्यरुग्ण विभागातून पूर्वी न पाहिलेले रुग्ण आणवून शार्को सर्वांसमक्ष निदान करीत. कधी चुकले तर तेही सर्वांसमक्षच. या मंगळवारच्या पाठांची टिपणे दोन खंडांत प्रसिद्ध झाली. श्रोत्यांत डॉक्टरांखेरीज लेखक, नट, पत्रकार आणि राजकारणीही असत.

आंद्रे ब्रुइये यांच्या १८८७ सालच्या भव्य चित्राने हा प्रसंग अजरामर केला. चित्रात शार्को बोलत आहेत आणि जोझेफ बाबिन्स्की यांच्या हातांवर ब्लांश व्हिटमान ही रुग्ण मूर्च्छित होऊन रेलली आहे. श्रोत्यांच्या मागील भिंतीवर शरीराची कमान केलेल्या स्त्रीचे रेखाचित्र टांगलेले आहे. पुढे काय करायचे ते रुग्णेला नेमके समोर दिसेल, अशीच त्याची जागा आहे. चित्रकाराने हे टीका म्हणून रंगवले की जसे दिसले तसे, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

ब्लांश १८७७ साली वयाच्या अठराव्या वर्षी दाखल झाली. ती गरीब घरातील होती आणि तरुणपणीच काबाडकष्टांची सवय तिला झाली होती. शार्को यांच्या मृत्यूनंतर तिचे झटके थांबले. ती रुग्णालयातच नोकरी करू लागली, आधी छायाचित्रणशाळेत व मग क्ष-किरण विभागात. क्ष-किरणांच्या इजेमुळे टप्प्याटप्प्याने तिचे अवयव कापावे लागले आणि १९१३ साली तिचा मृत्यू झाला. ते झटके सोंग होते का, असे विचारल्यावर तिने ठामपणे नाकारले होते, अशी आठवण तिला ओळखणाऱ्या एका डॉक्टरने पुढे लिहून ठेवली. ऑगस्टीन या नावाने प्रसिद्ध असलेली दुसरी रुग्ण १८७५ साली दाखल झाली तेव्हा किशोरवयीन होती. तिच्यावर त्याआधी बलात्कार झाला होता आणि झटक्यांत ती तोच प्रसंग पुन्हा भोगत असे. छापील वृत्तांतात हे सारे नोंदलेले आहे, मात्र त्याला कारणाचे स्थान दिलेले नाही. सर्वाधिक छायाचित्रे निघालेली ही मुलगी १८८० साली पुरुषी वेश करून रुग्णालयातून पळून गेली.

पुरुषांतील हिस्टेरिया

शार्को यांचे या विषयातील सर्वांत टिकाऊ काम पुरुष रुग्णांवरील आहे. १८८० नंतर साल्पेत्रिएरमध्ये पुरुषांसाठी बाह्यरुग्ण विभाग व लहानसा कक्ष सुरू झाला. त्यांनी साठाहून अधिक पुरुष रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. हे रुग्ण नाजूक शहरी बाबू नव्हते; गवंडी, गाडीवान, लोहार, रेल्वे कामगार असे अंगमेहनत करणारे होते. रेल्वे अपघातानंतर जखम नसताना येणाऱ्या लक्षणांवर तेव्हा इंग्लंड व जर्मनीत मोठा वाद चालू होता, कारण त्यावर नुकसानभरपाईचे खटले अवलंबून होते. काहींच्या मते मेरुरज्जूला न दिसणारा धक्का बसलेला असे. बर्लिनच्या तज्ज्ञांना हा एक स्वतंत्र मज्जाविकार वाटे. शार्को यांनी हा पुरुषांतील हिस्टेरियाच आहे, असे प्रतिपादन केले.

त्यांच्या वृत्तांतांपैकी एक गाडीवानाचा आहे. तो आसनावरून खांद्यावर पडला. हाड मोडले नाही; काही दिवस सर्व ठीक होते. मग एके दिवशी हात लुळा झाला. खांद्यापासून खाली कातडी बधिर होती, पण बधिरतेची सीमा सदऱ्याच्या बाहीसारखी गोल होती. मज्जातंतू असे पसरलेले नसतात. स्नायूही वाळले नव्हते. शार्को यांनी एका संमोहित स्त्रीच्या खांद्यावर हलकी चापट मारून हुबेहूब तसाच लुळेपणा निर्माण करून दाखवला आणि तो तितक्याच सहज घालवला. दुसऱ्या वृत्तांतात १८८५ च्या ऑक्टोबरात फुलांच्या दुकानाच्या हमालाच्या हातगाडीला भरधाव गाडीने धडक दिली. गाडीची चाके त्याच्या पायांवरून गेली नव्हती, पण ती गेली अशी त्याची पक्की समजूत होती, आणि लुळे पडले ते पायच.

या दोन रुग्णांवरून शार्को यांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या चार अवस्थांपेक्षा कितीतरी पुढचा होता. धक्क्याच्या क्षणी मन संमोहनासारख्या अवस्थेत जाते, अंगातील सुन्नपणाची जाणीव अवयव निकामी झाल्याच्या कल्पनेत बदलते आणि ही कल्पना मनाच्या इतर व्यापारापासून अलग राहून शरीरात साकार होते. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. अपघात आणि लुळेपणा यांमधील काही दिवसांचे अंतर या कल्पनेच्या वाढीला लागणारा काळ होय, असे त्यांनी स्पष्ट केले. सिग्मुंड फ्रॉइड १८८५ च्या ऑक्टोबरपासून १८८६ च्या फेब्रुवारीपर्यंत पॅरिसला होते ते नेमक्या याच काळात. मेंदूच्या शरीररचनेचा अभ्यास करण्यासाठी आलेले फ्रॉइड मनाच्या प्रश्नाने भारावून व्हिएन्नाला परतले. त्यांनी शार्को यांची व्याख्याने जर्मनमध्ये आणली आणि थोरल्या मुलाचे नाव ज्याँ मार्टिन ठेवले.

उपचार

निदानाच्या मानाने उपचारांत शार्को यांनी कमी लक्ष घातले, अशी टीका होते व ती बरीचशी रास्त आहे. आरंभी झटका थांबवण्यासाठी अंडाशयावर दाब देणे, त्यासाठी पट्ट्याचे यंत्र बांधणे, ईथर हुंगवणे असे उपाय चालत. त्यांत रुग्णाच्या लज्जेचा फारसा विचार नसे. पुढे थंड पाण्याचे फवारे आणि विजेचे उपचार आले. संमोहनाचा वापर ते प्रात्यक्षिकासाठी करीत, बरे करण्यासाठी फारच थोडा.

लुळ्या हाताच्या गाडीवानावर मात्र त्यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. हाताची पकड मोजणारे यंत्र त्याच्या हाती देऊन ठरावीक वेळाने ते दाबायला लावायचे आणि प्रत्येक वेळी आकडा थोडा वाढेल असे पाहायचे. हालचालीची हरवलेली प्रतिमा मनात पुन्हा उभी करणे, हा त्यामागील हेतू होता. आज अशा रुग्णांना दिला जाणारा व्यायामोपचार याच वाटेने जातो.

त्यांचा सर्वांत आग्रहाचा उपाय होता कुटुंबापासून दूर ठेवण्याचा. अन्न सोडून अस्थिपंजर झालेल्या एका मुलीला पॅरिसला आणले होते. आईवडील तिला सोडून जायला तयार होईनात. शार्को यांनी त्यांना जवळजवळ दटावूनच घालवून दिले. ते गेल्याची खात्री पटताच मुलगी रडली आणि मग खाऊ लागली. काही आठवड्यांत तिची प्रकृती सुधारली. घरच्यांची काळजी हीच लक्षणांना खतपाणी घालू शकते, हे निरीक्षण सूक्ष्म होते. ज्या घरात खरोखर छळ होत असे तेथील रुग्णाला विलगीकरणाने सुटका कशी मिळत असेल, याकडे मात्र त्यांनी स्वतंत्रपणे पाहिले नाही.

१८९२ च्या अखेरीस त्यांनी श्रद्धेने होणाऱ्या रोगमुक्तीवर निबंध प्रसिद्ध केला. शार्को चर्चविरोधी म्हणून ओळखले जात आणि रुग्णालयांतून जोगिणींना काढून प्रशिक्षित परिचारिका नेमण्याच्या धोरणाला त्यांच्या वर्तुळाचा पाठिंबा होता. रिशे यांच्याबरोबर लिहिलेल्या १८८७ सालच्या ग्रंथात त्यांनी जुन्या चित्रांतील भूतबाधा झालेली माणसे हिस्टेरियाचीच रुग्ण असल्याचे मांडले होते. तरीही या शेवटच्या निबंधात त्यांनी तीर्थक्षेत्री होणाऱ्या चमत्कारांची थट्टा केली नाही. मनाच्या प्रभावाने लुळेपणाच नव्हे, तर सूज व व्रणही बरे होऊ शकतात, आणि जेथे वैद्याचे उपाय हरले तेथे आपल्या संमतीने तीर्थयात्रेला गेलेले रुग्ण बरे होऊन परतलेले आपण पाहिले आहेत, अशी कबुली त्यांनी दिली. १८९० साली त्यांनीच साल्पेत्रिएरमध्ये पिएर जाने यांच्यासाठी मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली होती.

स्वभाव

शार्को अधिकारवाणीने वागणारे, मितभाषी व विरोध सहन न करणारे होते. बूल्व्हार साँ-जेर्मँवरील त्यांच्या प्रासादवजा घरी मंगळवारी संध्याकाळी मेजवानी असे. तेथील पसंती-नापसंतीवर तरुण डॉक्टरांच्या नेमणुका ठरतात, अशी कुजबुज चाले. ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रू त्यांचा मित्र होता. माणसांशी थंडपणे वागणाऱ्या या गृहस्थाला प्राण्यांचा मात्र विलक्षण लळा होता. घरी कुत्री व माकड पाळलेले असे, शिकारीचा त्यांना तिटकारा होता आणि जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांनाही ते विरोध करीत.

मृत्यू आणि नंतरचा वाद

अखेरच्या वर्षांत त्यांना हृदयविकाराचा त्रास होता. ऑगस्ट १८९३ मध्ये दोन शिष्यांसह मोर्व्हाँच्या डोंगराळ भागात सहलीला गेले असता सेतॉं सरोवराजवळील खाणावळीत फुफ्फुसांत पाणी साठून त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूच्या थोडे आधी, हिस्टेरियाविषयीची आपली मांडणी जुनी झाली असून ती समूळ तपासून पाहायला हवी, असे त्यांनी आपले शेवटचे सचिव जॉर्ज गिनॉं यांना सांगितले होते. गिनॉं यांनी ही हकीकत १९२५ साली, शार्को यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी उघड केली.

ते काम शिष्यांनी केले. बाबिन्स्की यांनी १८९६ साली तळपायाच्या प्रतिक्षिप्त क्रियेचे चिन्ह शोधले; अंगठा वर वळला तर इजा खरी. जे सूचनेने उत्पन्न होते व समजुतीने जाते तेवढाच हिस्टेरिया, अशी संकुचित व्याख्या त्यांनी १९०१ पासून मांडली. चार अवस्थांचे महाझटके साल्पेत्रिएरमधून जवळजवळ नाहीसे झाले. पहिल्या महायुद्धात मात्र लुळे, मुके व थरथरणारे हजारो सैनिक रुग्णालयांत आले, तेव्हा ढोंग की आजार हा शार्को यांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी ढोंगी ठरणाऱ्याला आघाडीवर परत जावे लागत होते.

पुढील काळात वर्गीकरण अनेकदा बदलले. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० च्या सूचीत हिस्टेरिया हा शब्द काढून रूपांतरण विकार, विघटन विकार आणि शारीरिक लक्षणांचा विकार अशी विभागणी केली. १९६५ साली इंग्रज मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी ८५ रुग्णांचा मागोवा घेऊन असे निदान झालेल्या अनेकांना पुढे इंद्रियजन्य रोग निघाला, असे दाखवले आणि निदानावरचा विश्वास डळमळला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात मात्र १९७० नंतरच्या अभ्यासांत चुकीच्या निदानाचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले. २०१३ च्या सूचीत, कारण सापडत नाही म्हणून मानसिक, हा निकष सोडून देण्यात आला. त्याऐवजी तपासणीत सापडणाऱ्या निश्चित चिन्हांवर निदान करण्यास सांगितले गेले. दुर्बल पाय स्वतःहून खाली दाबता येत नाही, पण दुसरा पाय उचलताना तोच आपोआप जोर लावतो, हे चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ साली वर्णिलेले चिन्ह त्यांपैकी एक. आजाराच्या अभावावरून नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या खुणांवरून निदान करावे, हा शार्को यांचा मूळ आग्रह अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनी परतला. त्यांनी सांगितलेल्या खुणा मात्र बहुतांशी यादीत नाहीत.

कुटुंब आणि स्मारके

१८६४ साली शार्को यांनी एका विधवेशी विवाह केला. त्यांना ज्यान ही मुलगी व ज्याँ-बातिस्त हा मुलगा झाला. वडिलांच्या इच्छेनुसार ज्याँ-बातिस्त डॉक्टर झाले, पण पुढे ध्रुवप्रदेशांचे संशोधक म्हणून प्रसिद्धी पावले. १९३६ साली आइसलँडजवळ त्यांचे जहाज फुटून ते बुडाले. शार्को यांचे दफन पॅरिसच्या माँमार्त्र दफनभूमीत झाले. १८९८ साली साल्पेत्रिएरच्या प्रवेशद्वाराशी त्यांचा कांस्य पुतळा उभारण्यात आला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली तो धातूसाठी वितळवला गेला. त्यांचा ग्रंथसंग्रह मुलाने रुग्णालयाला दिला असून तो शार्को ग्रंथालय म्हणून जतन केलेला आहे.